घरचा वाफा

बाजारात माझ्या वहिनीला घासूबाई म्हणतात. तोंडावर नाही, तेवढी छाती कुणाची नाही. पण तिचा माल उतरायला लागला की कुणीतरी हळूच म्हणतं, "आली घासूबाईची वरात," आणि मी टेम्पोच्या स्टिअरिंगमागे बसून ऐकून न ऐकल्यासारखं करतो.

नाव मात्र चपखल आहे. दिसेल ते घासायचं, हा तिचा स्वभाव. क्रेट घासायचे, कात्र्या घासायच्या, नळाची तोटीसुद्धा घासायची. तोडणीच्या बायका सकाळी आल्या की आधी साबण, मग काकडी. टेम्पो माझा, हप्ते मी फेडले, पण त्याचा फाळका ओल्या फडक्याने पुसून झाल्याशिवाय ती एक क्रेट चढवू देत नाही. एकदा मी वैतागून म्हटलं, "वहिनी, टायर पण पुसून घेऊ का?"

"घ्या की भावजी. कोण नको म्हणतंय?"

अशी बाई. मी तिचा धाकटा दीर. दादाचा मळा, माझा टेम्पो, आणि दोन घरांच्या मध्ये एक भिंत. मी लग्नाच्या भानगडीत पडलो नाही, त्यामुळे दोन्ही वेळचं जेवण भिंतीपलीकडे. फुकटचं जेवतात आणि वर नावं ठेवतात, असं ती मला ऐकवते. बरोबरच ऐकवते.

मळ्यात मुख्य पीक काकडीचं. तारांवर चढवलेले वेल, त्यांच्यामधून जाणाऱ्या लांबच लांब सऱ्या, एका अंगाला टोमॅटो, एका अंगाला घेवडा. आणि घराच्या मागच्या भिंतीला लागून, पाण्याच्या टाकीच्या उतारावर, घरचा वाफा.

आता घरचा वाफा म्हणजे काय, हे भाजीवाल्याला विचारलंत तर तो विषय बदलेल. म्हणून मी सांगतो. आमच्या भागात ज्याच्या त्याच्या मळ्यात एक कोपरा असा असतो, जिथे फवारणीचा पंप जात नाही. दोन ओळी काकडी, चार झाडं टोमॅटो, थोडी कोथिंबीर, थोडी पालेभाजी. अळी पडली तर हाताने वेचायची. वाकडंतिकडं, भोकं पडलेलं, जे निघेल ते घरात. बाकीचा सगळा मळा बाजारासाठी, आणि तिथे औषध. फवारतो ते विष, पण आम्ही त्याला औषधच म्हणतो. 'औषध मारलं का?' 'मारलं.' असं आमचं बोलणं. घरचा वाफा सगळे ठेवतात आणि कुणी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. बाजारात शेजारी शेजारी बसणारे दोन भाजीवाले एकमेकांच्या पोरांची लग्नं लावून देतील, पण 'तुझा घरचा वाफा कुठल्या बाजूला आहे' असं विचारणार नाहीत.

वहिनीचा वाफा म्हणजे दृष्ट लागावी असा. लेकीला तिने त्या वाफ्यावर वाढवलं. पोरगी शाळेतून आली की दप्तर उंबऱ्यात फेकून सरळ मागे पळायची, आणि कुठली काकडी कालच्यापेक्षा बोटभर वाढली हे तिला पाठ असायचं. मळ्यात पाऊल टाकायला मात्र तिला सक्त मनाई. दादा तोंडाला फडकं बांधून पाठीवर पंप घेऊन निघाला की वहिनी खिडक्या लावून घ्यायची आणि लेकीला माझ्या घरात पाठवायची. "काकांकडे जाऊन अभ्यास कर." माझ्याकडे अभ्यास काय होणार होता, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

पोरगी शिकली, दूरच्या शहरात नोकरीला लागली, तिथेच लग्न करून राहिली. मग बरीच वर्षं घरात एक गोष्ट कुणी बोलायचं नाही. तिला दिवस गेले आणि टिकले नाहीत. पुन्हा गेले, पुन्हा टिकले नाहीत. वहिनी त्या काळात नुसती घासत सुटली होती. भांड्यांची बुडं पांढरी झाली. शेवटी नात झाली, आणि टेम्पोत वहिनीला बसवून मी शहरात नेलं. मांडीवर घरच्या वाफ्यातल्या भाजीची पिशवी होती. खड्डा आला की ती पिशवी वर उचलून धरायची, जणू बाळ पिशवीतच आहे.

पुढे अशा पिशव्या जात राहिल्या. नात रांगायला लागली, चालायला लागली, बडबडायला लागली, सगळं शहरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात. मळ्यात तिला लेकीने कधी आणलं नाही. आज फवारणी आहे, उद्या फवारणीचा वास असेल, परवा बघू. आणि खरं सांगायचं तर आमच्याकडे तेव्हा फवारणी नाही असा आठवडा नव्हताच.

एकदा मात्र स्पष्ट बोलणं झालं. मी तिथेच होतो, लेकीच्या घरी सोफ्याच्या कडेवर चहाचा कप सांभाळत. वहिनी पिशवी रिकामी करत होती, आणि लेक दारात उभी राहून बघत होती.

"आई, हे घरच्या वाफ्यातलंच ना?"

"मग काय तर! तुला कधी मळ्यातलं दिलंय का मी?"

"तेच म्हणतेय मी. नाही दिलंस." तिने एक काकडी उचलली, पुन्हा ठेवली. "म्हणजे तुला माहीत होतं."

वहिनीला आधी कळलंच नाही. मला कळलं, आणि मी चहात तोंड घातलं.

"हिला मी रोज बाजारातून घेऊन घालते," लेक म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "तू पाठवतेस ते दोन दिवस पुरतं. बाकीचे दिवस कुणाच्या तरी मळ्यातलं येतं. त्या मळ्यातही कुणीतरी आपल्या लेकीसाठी एक वाफा वेगळा ठेवला असेल ना, आई?"

वहिनीचे हात पिशवीत तसेच राहिले. जगातली कुठलीही गोष्ट घासून निघते असं मानणारी बाई, पण हे कशाने घासणार?

"तुझा मळा वाफ्यासारखा झाला ना," लेक म्हणाली, "की घेऊन येईन हिला. तोडून खाऊ दे वेलीवरची. तोवर पिशवी नको पाठवूस."

परतीच्या रस्त्यावर मी वहिनीची समजूत घालायला गेलो. म्हटलं, पोरगी शहरात राहून शहाणी झालीय, मनावर घेऊ नका. तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "खोटं काय बोलली ती?" आणि थोड्या वेळाने, "भावजी, नातीला वेलीवरची काकडी तोडताना बघायचंय मला. धुवायची नाही, पुसायची नाही. तोडली की कडाड् दात लावायचे. तिची आई लावायची तसे."

एवढीच इच्छा. ऐकायला केवढीशी वाटते. तिच्यापायी पुढे जे काही झालं ते बघून मी म्हटलं असतं, बाई, त्यापेक्षा चंद्र माग.

वहिनीने भाजी पिकवणाऱ्यांच्या गटात नाव घातलं. तिथे एक तपासणीवाल्या मॅडम यायच्या, मळ्यात फिरायच्या, पानं उलटी करून बघायला शिकवायच्या. वहिनीने ते असं मनावर घेतलं की रोज सकाळी ती सरीत उकिडवी बसलेली दिसायची, पान उलटं करून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मावा किती, तुडतुडे किती, आणि त्यांना खाणारे ढालकिडे किती. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला तो इवलासा किडा तिला जावयापेक्षा लाडका झाला. दादाने सवयीने पंप पाठीला लावला की ती खेकसायची, "अहो, थांबा! माझे पाहुणे आहेत तिकडे!"

उडते किडे चिकटावेत म्हणून जागोजागी पिवळे चिकट कागद टांगले. त्यात पहिल्या दिवशी दादाचे उरलेसुरले केस अडकले. फळमाशीसाठी वासाचे सापळे लावले, कडेने मक्याची दाट ओळ लावली म्हणजे शेजारच्या मळ्यातली फवारणी वाऱ्याने इकडे येऊ नये. शेजाऱ्याला तो मका त्याच्या तोंडावर दार आपटल्यासारखा वाटला, आणि बरेच दिवस त्याने आमच्याशी बोलणं टाकलं. फवारणी अगदीच गळ्याशी आल्यावर, तीही हलक्या औषधाची, आणि मारल्यावर ठरलेले दिवस गेल्याशिवाय तोडणी नाही, मग वेलीवर काकड्या दुधीएवढ्या का होईनात.

पहिल्या हंगामात निम्मी काकडी वाकडी निघाली. बाजारात मी ती उतरवताना लोक विचारायचे, "काय हो टेम्पोवाले, ह्या काकड्या कशाला आपटल्या?" मी आपला मान खाली घालून क्रेट मोजायचो. घरी येऊन वहिनीवर तोंडसुख घ्यायचो. ती ऐकून घ्यायची आणि वाढायची. तिला राग आला की ती भात जास्त वाढते, संपवताना माणसाचं तोंड बंद राहतं.

आणि एक वेडेपणा सांगतो. मळ्यातल्या एका सरीत तिने तार खाली बांधली. बाकीच्या तारा माणसाच्या डोक्याच्या उंचीला, आणि ही एक कमरेच्याही खाली. तोडणीच्या बायका कुरकुरायच्या, कंबर मोडते म्हणायच्या. वहिनी म्हणायची, "ती सरी मी तोडीन." नात फोनवर दिसली की ती विचारायची, "उभी राहा बघू दाराजवळ. कडी कुठं येते?" पोर उभी राहायची, आणि हंगाम बदलला की वहिनी ती तार थोडी वर घ्यायची. दादा पकड हातात घेऊन गुपचूप मदत करायचा. त्या तारेबद्दल मी कधी थट्टा केली नाही. मलाही कुठे थांबायचं ते कळतं.

हंगामामागून हंगाम गेले. तार वर जात राहिली, नात काही आली नाही.

मग एकदाची मळ्यातली काकडी प्रयोगशाळेत गेली आणि स्वच्छ निघाली. विषाचा अंश नाही म्हणण्याइतका. मॅडम स्वतः सांगायला आल्या. दादा उगाचच आत जाऊन बाहेर आला. वहिनीने लगेच लेकीला फोन लावला, आणि लेक म्हणाली, "सुट्टी लागली की येतो, आई. नक्की."

त्या आनंदात वहिनीच्या अंगात आलं. मॅडम निघाल्या होत्या, त्यांना तिने परत बोलावलं. घरच्या वाफ्यातल्या दोन काकड्या, थोडा पाला तोडून त्यांच्या पिशवीत कोंबला. "हे पण तपासा. तुमच्या यंत्राला एकदा कळू दे शुद्ध कशाला म्हणतात ते. लेकीला वाढवलंय ह्याच्यावर."

मॅडम हसल्या. आम्ही सगळेच हसलो.

पुढच्या खेपेला मॅडम आल्या तेव्हा हसत नव्हत्या. चहा नको म्हणाल्या. त्या बाईने आमच्याकडे चहाला नाही म्हटलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

"मावशी, तुम्ही दिलं होतं ते घरच्या वाफ्यातलंच होतं? अदलाबदल नाही ना झाली?"

"माझ्या हाताने तोडलंय. का हो?"

"त्यात निघालंय." मॅडमनी औषधांची नावं घेतली. दादाने मान वर केली. ती सगळी नावं त्याच्या ओळखीची होती, काही तर जुनी, हल्ली न वापरलेली.

वहिनी चिडली. तिचा पारा असा चढलेला मी क्वचित पाहिलाय. यंत्र बिघडलंय, पिशवी बदललीय, कुणीतरी मुद्दाम केलंय, शेजाऱ्याचंच काम असेल. "त्या वाफ्यात आजपर्यंत पंप गेलेला नाही! ह्यांना विचारा! माझ्या डोळ्यांदेखत कुणाची टाप आहे?"

"नसेल गेला," मॅडम हळू म्हणाल्या. "पंप धुता कुठे तुम्ही?"

आता हा प्रश्न वहिनीला विचारायचा म्हणजे गवयाला गाता का विचारण्यासारखं. सगळ्या भागात फवारून आलेला पंप तसाच खुंटीला लटकतो. आमच्या घरात तो दादाच्या पाठीवरून उतरला की वहिनीच्या हातात जायचा. लग्न होऊन आल्यापासूनची पद्धत. टाकीजवळच्या दगडावर बसून आत पाणी, हलवलं, ओतलं. पुन्हा पाणी. पुन्हा ओतलं. नोझल काढून काडीने साफ. गटात तीन पाण्यांनी धुवायला शिकवलं, तेव्हा तर तिला केवढा अभिमान वाटला होता. "मी हे पहिल्यापासून करते," असं तिने सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

"या, दाखवते," ती म्हणाली आणि तरातरा मागे गेली. आम्ही तिच्या मागोमाग. तिने बादली भरली आणि त्या दगडावर ओतली, दिमाखात. "हे असं. तीन वेळा. हातमोजे घालून."

पाणी दगडावरून कडेला गेलं आणि दगडाखालच्या भोकात शिरलं. मोरीचं, धुण्याभांड्यांचं पाणी वाया जाऊ नये म्हणून दादाने ते भोक कधीकाळी पाडलं होतं. त्यावर नंतर फरशी आली, माती आली, आणि आम्ही ते विसरून गेलो होतो. मॅडम वाफ्याकडे बघत होत्या, म्हणून आम्हीही तिकडे बघितलं. थोड्याच वेळात कोथिंबिरीच्या मुळाशी माती काळी झाली. मग पाणी दिसलं. ते अलगद वाट काढत काकडीच्या दोन ओळींत शिरलं आणि सगळीकडे सारखं पसरलं. वाफा बांधणीचा सुरेख होता, पाणी कुठे साठत नव्हतं.

वहिनीच्या हातात बादली तशीच होती.

"मी म्हणायचे," ती म्हणाली, "ह्या वाफ्याला पाणी घालावंच लागत नाही."

दादाने तिच्या हातातली बादली घेतली. मग तो जे म्हणाला ते मला अजून आठवतं, कारण तो बोलतोच कमी. "मी मारलं, तू धुतलंस. दोघांचं आहे ते."

तिने ते ऐकलं की नाही, माहीत नाही. ती मॅडमकडे वळली. "माझ्या लेकीचे दिवस टिकले नाहीत. दोनदा. ते ह्याच्यामुळे असेल का?"

"मावशी, ते कुणीच सांगू शकत नाही."

"नाही असं तरी सांगा."

"तेही नाही सांगता येत."

मॅडम चांगली बाई. खोटं बोलल्या असत्या तर त्या क्षणी मी त्यांचे पाय धरले असते, पण बोलल्या नाहीत.

त्या गेल्यावर मी वहिनीला माझं शहाणपण शिकवलं. म्हटलं, लेकीने मळ्याचं विचारलं होतं. मळा स्वच्छ आहे. वाफा आज उखडून टाकू, भोक बुजवू, विषय संपला. पोरगी येतेय, नात येतेय. इतक्या हंगामांनी घास तोंडाशी आलाय, तो स्वतःच्या हाताने कशाला घालवता? मी मनापासून बोललो. अजूनही मला वाटतं की मी काही फार चुकीचं बोललो नव्हतो.

"ती इथे येऊन सगळ्यात आधी कुठे जाईल, भावजी?" वहिनीने विचारलं. "मळ्यात? ती मागे वाफ्यात पळेल. पोरीला दाखवेल, इथे मी अशी खायचे, तशी खायचे. आणि मी तिथे हसत उभी राहू?"

आमच्यासमोरच तिने फोन केला. आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. पंप, दगड, भोक, निघालेली नावं. रडली नाही. वहिनी शेवटी म्हणाली, "तुला वेगळं म्हणून काढून दिलं, ते हे होतं, बाळा." तेव्हा पलीकडून एवढंच आलं, "ठेवते, आई."

सुट्टी लागली आणि संपली. कुणी आलं नाही.

वाफा दादाने आणि मी खणला. माती उचलून नेण्याइतकी खोल खणली, भोक सिमेंटने बुजवलं. पंप धुवायला मळ्याच्या पार टोकाला वेगळी जागा केली, आणि धुतलेलं पाणी पुन्हा पंपात भरून पीक नसलेल्या मोकळ्या पट्ट्यावर फवारून टाकायचं, असं मॅडमनी शिकवलं होतं तसं. मी विचारलं, घरच्यासाठी नवा वाफा कुठे करायचा? वहिनी म्हणाली, "करायचा नाही. लोकांना जे, तेच आपल्याला." तेव्हापासून घरात मळ्यातलंच येतं. पण ती ते इतक्या पाण्यांनी धुते, सोलते, उकडते, की कालवणात काकडी होती हे मला ऐकूनच कळतं. कच्चं तिने घरात कुणाला खाऊ दिलं नाही, स्वतः तर नाहीच.

आणि ती बाजारात बोलायला लागली. हे मात्र लोकांना झेपलं नाही. क्रेट उतरत असताना ती सरळ एखाद्याला विचारायची, "तुमचा घरचा वाफा कुठाय? पंप कुठं धुता?" लोक असे बघायचे जणू तिने चारचौघांत त्यांची चड्डी ओढली. मला बाजूला घेऊन सांगायचे, आवरा तुमच्या वहिनीला. मी म्हणायचो, तुम्ही आवरून दाखवा, टेम्पो तुम्हाला देतो. पण नंतर त्यांच्यातला एकेक जण हळूच येऊन विचारायचा, ते मोकळ्या पट्ट्याचं काय म्हणत होत्या हो? आमच्याशी न बोलणारा शेजारीही एक दिवस मक्याच्या पलीकडून विचारता झाला.

ह्याचं वहिनीला काही वाटायचं नाही. म्हणजे बरं वाटायचं, पण ते बरं वाटणं आत पोचायचं नाही. तिने लेकीला स्वतःहून फोन करणं सोडलं होतं. आला तर घ्यायची. हवापाण्याचं बोलणं व्हायचं. नात मध्येच फोन हिसकावून विचारायची, "आजी, काकडी केवढी झाली?" आणि वहिनी दोन बोटांनी हवेत माप दाखवायची, फोनवर नुसता आवाज जात असला तरी. फोन संपला की ती मळ्याच्या फाटकापर्यंत जाऊन यायची. काम नसायचं तिकडे. मी टेम्पो धूत असलो की विचारायचो, "कुठे निघालात?" "कुठे नाही." रस्त्यावर एखादी अनोळखी गाडी हळू झाली की तिचे हात जागच्या जागी थांबायचे. गाडी पुढे गेली की पुन्हा सुरू. कुणाची वाट बघणं इतकं अंगवळणी पडतं हे मला तिच्याकडे बघून कळलं, आणि मला त्या लेकीचा रागही यायचा. पण राग तरी किती करणार, मी तिला खांद्यावर बसवून हिंडवलंय.

गेल्या हंगामात, भर तोडणीच्या दिवशी, न सांगता गाडी आली. लेक उतरली, आणि मागच्या दारातून नात. चांगली उंच झालेली, दोन दात पडलेले.

"हिला यायचं होतं," लेक म्हणाली. वहिनीच्या हातात कात्री होती, ती तिने कुठे ठेवली ते नंतर आम्हाला सापडेना.

पोर कुणाची वाट न बघता मळ्यात घुसली. खालच्या तारेची सरी तिच्यासाठी राखलेली, पण तिने त्या सरीकडे ढुंकूनही बघितलं नाही. भलत्याच सरीत शिरली, टाचा उंचावून एक काकडी गच्च धरली आणि ओढली. वेल हलला, काकडी तुटली. तिने ती तोंडाशी नेली, आणि वहिनीने तिचं मनगट पकडलं.

मळा स्वच्छ होता. दर हंगामात तपासलेला. फवारणी झालेलीच नव्हती. हे सगळं तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, आणि तरी तिच्या हातून ते मनगट सुटेना. "धुऊन देते," ती म्हणत होती, "थांब हं बाळा, आजी धुऊन देते." पोर हसत होती, तिला तो खेळ वाटला. दादा पुढे झाला आणि थांबला.

"आई," लेक म्हणाली. "खाऊ दे तिला."

वहिनीने मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही. हात तसाच.

शेवटी पोरच म्हणाली, "मग तू आधी खा."

वहिनीने काकडीकडे बघितलं. इतकी वर्षं ह्या सऱ्यांतून काकडी निघाली, गाड्या भरभरून गेली. ह्या सऱ्यांतली कच्ची काकडी तिने कधीच दाताखाली घेतली नव्हती. तिने ती नातीच्या हातातून घेतली, बाहीला पुसावी म्हणून हात उचलला आणि तो पुन्हा खाली घेतला. मग दात लावले. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत उभे. तिने सावकाश चावलं, गिळलं.

"गोड आहे?" पोरीने विचारलं.

"आहे."

"मग दे."

तिने दिली. पोरीने पडलेल्या दातांच्या बाजूने कसाबसा लचका तोडला आणि सगळी हनुवटी ओली करून घेतली. वहिनी बघत होती. तिला हवं होतं ते हेच, आणि ते बघताना तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघवत नव्हतं, म्हणून मी क्रेटकडे वळलो.

वहिनीने मग आणखी एक काकडी तोडली, मोडली, आणि अर्धा तुकडा लेकीपुढे धरला. लेकीने तो घेतला. मुठीत धरला. पोर सऱ्यांतून धावत होती, दादा तिच्या मागे होता, लेक आईला शेजाऱ्याचं, माझ्या गुडघ्याचं विचारत होती, आणि तो तुकडा मुठीतच. घरामागे ती गेली नाही. चहा झाला तेव्हा तिने कप डाव्या हातात घेतला. संध्याकाळी गाडीत बसली, काच खाली केली, आईचा हात धरला, तेव्हाही उजवी मूठ मांडीवर मिटलेली होती.

गाडी वळणापलीकडे गेली. वहिनी फाटकाला धरून उभी होती. मी शेजारी जाऊन उभा राहिलो, काहीतरी वेडंवाकडं बोलून तिला हसवावं असं मनात होतं.

"वाटेत खाईल ती," वहिनी म्हणाली. "नाही का हो, भावजी?"

"खाईल की," मी म्हटलं.